बर्फ न पाहिलेल्या गावात हिवाळी ऑलिंपिकची प्रश्नमंजुषा कशी घ्याल

६ फेब्रुवारी २०२६ ला इटलीत मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन आहे. आपल्या गावातल्या पोरांसाठी या निमित्तानं काहीतरी करावं, असं तुमच्या मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात वाचनालय सांभाळतो. २०१८ च्या आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकआधी आम्ही गावात प्रश्नमंजुषा घेतली. पहिली सपशेल फसली, दुसरी छान झाली. फसली तेव्हा काय चुकलं होतं ते कळायला मला बरेच दिवस लागले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

२०१८ ला मी मोबाईलवर फिरत आलेले पन्नास प्रश्न वहीत उतरवून घेतले आणि सरळ विचारायला बसलो. पोरांनी ल्यूज (बर्फाच्या मार्गावरून घसरगाडीनं उतरण्याची शर्यत) पाहिलं नव्हतं, कर्लिंग हा शब्दही ऐकला नव्हता. विसाव्या मिनिटाला मागच्या रांगा उठून गेल्या. त्यात भर म्हणजे, भारत हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९८८ ला उतरला, असं उत्तर मी सांगितलं. बीएस्सी करणाऱ्या एका मुलीनं उभं राहून ते चूक असल्याचं सांगितलं. बरोबर तीच होती. खरं साल १९६४. त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या झाल्या: खेळ दाखवल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही आणि तपासल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

१. आधी घड्याळ जुळवा

मागची दोन्ही हिवाळी ऑलिंपिक आशियात झाली. प्योंगचांगचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे होतं आणि बीजिंगचं अडीच तास, त्यामुळे बरेचसे खेळ आपल्याला सकाळी आणि दुपारी पाहता आले. या वेळी उलटं आहे. फेब्रुवारीत इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथे सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार, आणि तिथे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा.

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. मिलानच्या सान सिरो मैदानावर उद्घाटन शुक्रवारी ६ तारखेला तिथल्या वेळेप्रमाणे रात्री आठला आहे. म्हणजे आपल्याकडे तोवर तारीख बदलून ७ फेब्रुवारी झालेली असेल आणि रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. फलकावर नुसतं ‘६ फेब्रुवारी, उद्घाटन’ लिहिलंत तर लोक शुक्रवारी संध्याकाळी येऊन बसतील. ‘शुक्रवारची रात्र, साडेबारा’ असं लिहा. गावात ‘शुक्रवारची रात्र’ म्हटलं की बरोबर समजतं.

लहान पोरांना इतक्या रात्री बोलावूच नका. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी ठळक क्षणांचं चित्रण दाखवा. सगळ्यांनी मिळून थेट पाहायला डोंगरउतारावरच्या स्कीइंगच्या शर्यती बऱ्या. त्या तिथे उन्हात होतात, त्यामुळे आपल्याकडे दुपारी चारच्या आसपास येतात. शाळा सुटलेली असते, शेतावरची माणसंही परतायला लागलेली असतात. कर्लिंगचे सामने तर उद्घाटनाच्या आधीच, ४ फेब्रुवारीपासून सुरू होतात. ४ तारखेलाच स्पर्धा कशी सुरू झाली, असा प्रश्न गावात कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर तयार ठेवा.

प्रश्नमंजुषा मात्र उद्घाटनाच्या आधी उरका. आम्ही या वेळी १ फेब्रुवारीचा रविवार धरलाय, संध्याकाळी पाच वाजता. तारीख ठरवताना गावचं पंचांगही पाहा. श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला असतो आणि तो यंदा स्पर्धेच्या काळातच येतो. भंडाऱ्याच्या दिवशी तुमच्याकडे कोणीही येणार नाही, आणि बोलावूही नये. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, जत्रेची गावं त्या आठवड्यात मोकळी नसतात. बारावीची आणि दहावीची परीक्षाही फेब्रुवारीतच. त्या वर्गातल्या पोरांना चमूत घ्यायचं असेल तर आधी घरच्यांशी बोला.

२. जागा आणि परवानग्या

जिल्हा परिषद शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर, दोन्ही चालतात. शाळा हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटून सांगा. समाजमंदिर ग्रामपंचायतीकडे असतं, म्हणून अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडे. अर्जात तारीख, वेळ, साधारण किती माणसं, वीज कुठून घेणार आणि साफसफाई कोण करणार, एवढं स्पष्ट लिहा. पोच घ्यायला विसरू नका. आमचा एक अर्ज एका कार्यालयात कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. हाती पोच होती म्हणून कार्यक्रम वाचला.

लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री दहानंतर लावता येत नाही, म्हणजे उद्घाटनाच्या रात्री तर नाहीच. त्या रात्री वाचनालयात टीव्हीच्या आवाजावर पंधरा-वीस माणसं बसली तरी पुरे.

आणखी दोन गोष्टी. ऑलिंपिकची पाच वर्तुळं हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं संरक्षित चिन्ह आहे. वर्गणी देणाऱ्या कृषी सेवा केंद्राची जाहिरात आणि ती पाच वर्तुळं एकाच बॅनरवर छापू नका. धंद्याच्या जाहिरातीसाठी ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. पोरांकडून बर्फाचा डोंगर आणि स्कीवरचा माणूस काढून घ्या, बॅनर जास्त देखणा होतो. दुसरी गोष्ट प्रक्षेपणाची. सामने पाहायला तिकीट लावू नका आणि ज्या ॲपवरून दाखवणार त्याच्या अटी आधी वाचून घ्या.

३. काय काय लागेल

कागदपत्रं: जागेच्या अर्जाची पोच, लाऊडस्पीकर असेल तर त्याची परवानगी, चमूंच्या नावांची यादी, आणि लहान पोरांच्या पालकांचे फोन नंबर लिहिलेली वही.

सामान: प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, पांढरी चादर, लांब एक्स्टेंशन बोर्ड, इन्व्हर्टर किंवा चार्ज केलेली बॅटरी, फळा आणि खडू, जगाचा मोठा नकाशा, पृथ्वीचा गोल मिळाला तर फारच छान, चमूसाठी घंटी (आम्ही पूजेच्या घंट्या वापरतो, बजरपेक्षा आवाज गोड येतो), स्टॉपवॉच म्हणून मोबाईल.

चित्रफिती आदल्या रात्रीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. ऐन वेळी नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे ‘लाईन गेली’ की टॉवरचं नेटवर्कही अर्ध्या तासात जातं. २०२२ ला लाईन गेलीच. चित्रफिती मोबाईलमध्ये होत्या आणि प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर होता, म्हणून कार्यक्रम थांबला नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमचा सगळा मिळून साडेअकराशे रुपये आला. त्यातले निम्मे चिवडा आणि चहावर गेले.

४. प्रश्नांच्या आधी खेळ समजावून द्या

हे टाळू नका. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान पाऊण तास. आपल्या पोरांनी पाहिलेला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा किंवा गारांचा. गारांचा तर आपल्याकडे धसकाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की हरभरा आणि गहू झोपतो. आमच्या वाचनालयात बर्फाळ डोंगराचं चित्र दाखवलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीचा पहिला प्रश्न होता, “काका, तिकडं एवढा बर्फ पडते त पीक जात नाई का?” मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर असं: तिथल्या बऱ्याच भागात हिवाळ्यात शेत मोकळंच असतं, आणि जिथे हिवाळी गहू पेरलेला असतो तिथे बर्फाचा थर त्याच्यावर गोधडीसारखा पडून राहतो आणि कडाक्याच्या थंडीपासून रोपांना वाचवतो. या एका उत्तरानंतर सभेतली मोठी माणसंही पुढे सरकून बसली.

मग एकेक खेळ घ्या, आणि प्रत्येकाला गावातलं काहीतरी जोडा.

उतारावरचं स्कीइंग आणि ल्यूज: हे समजावायला आपल्याकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत आहे. पटात प्रत्येक जोडीची वेळ घड्याळावर मोजतात आणि सेकंदाच्या लहानशा भागावर नंबर ठरतो. इथेही तसंच, खेळाडू एकेक करून उतरतो आणि झुंज घड्याळाशी असते. पटाचे जुने शौकीन असलेले एक आजोबा चित्रफीत पाहून म्हणाले, “मंग हा त पटच हाय ना बाप्पा. जोडीच्या जागी माणूस हाय, इतकंच.” त्यानंतर मला काही समजावावं लागलं नाही. बाकीच्यांना आजोबांनीच समजावलं. त्यांना एवढंच सांगा की स्कीइंगमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात आणि ल्यूजमध्ये हजारावा. ल्यूजची घसरगाडी ताशी १४० किलोमीटरच्या घरात जाते आणि तिला ब्रेक नसतो.

ल्यूज, स्केलेटन आणि बॉबस्ले यांत पोरं हमखास गोंधळतात. ल्यूजमध्ये खेळाडू पाठीवर झोपतो आणि पाय पुढे असतात. स्केलेटनमध्ये पोटावर झोपतो आणि डोकं पुढे. बॉबस्लेमध्ये गाडीत बसतात. बाकावर दोन पोरांना झोपवून दाखवा, कायमचं लक्षात राहतं.

कर्लिंग: “हे काहून झाडून राह्यले बर्फावर?” हा प्रश्न येणारच. याला गोट्यांचा खेळ जोडा. आपली गोटी खुणेच्या जास्तीत जास्त जवळ न्यायची आणि दुसऱ्याची टोला मारून उडवायची. फरक एवढाच की इथली गोटी म्हणजे जवळजवळ २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड. ऑलिंपिकमधल्या दगडांसाठी लागणारा ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या आल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरचा असतो. ब्रशनं घासलं की बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं आणि दगड आणखी पुढे व सरळ जातो. याचा प्रयोगही करता येतो. स्टीलच्या ताटलीत पाणी घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी त्या बर्फावर वाटी ढकला, मग तीच वाटी शहाबादी फरशीवर ढकला. पोरं दहा-दहा वेळा करून पाहतात. बर्फाच्या वरच्या बाजूला पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, घसरण्याचं गुपित त्यात आहे.

बायथलॉन: स्कीवर पळायचं आणि मध्येच थांबून बंदुकीनं नेम धरायचा. निशाणा ५० मीटरवर असतो. झोपून मारायचा निशाणा ४५ मिलिमीटरचा, म्हणजे लिंबाएवढा. उभ्यानं मारायचा ११५ मिलिमीटरचा, साधारण वाटीएवढा. यातलं खरं कौशल्य धाप थांबवण्याचं आहे. दोन पोरांना मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावा आणि आल्या-आल्या हातात सुई-दोरा द्या. दोरा ओवताना जे होतं, तेच त्या खेळाडूचं होतं.

स्की जंपिंगमध्ये नुसती लांबी मोजत नाहीत. पाच पंच शैलीचे गुण देतात, त्यातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून देतात. फिगर स्केटिंग आणि आइस हॉकी समजावावं लागत नाही, चित्रफीत पुरे.

यंदा स्की माउंटेनिअरिंग हा खेळ पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलाय. यात खेळाडू स्कीवर डोंगर चढतो, काही ठिकाणी स्की पाठीला लावून पायी चढतो आणि मग स्कीवरच खाली उतरतो. रोज टेकडी चढून गुरं नेणाऱ्या पोरांना हा पटकन समजला.

५. प्रश्न तयार करताना

प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी तपासा, त्यातलं एक आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिकृत संकेतस्थळ असू द्या. फिरत आलेल्या यादीतला एकही प्रश्न तसाच उचलू नका.

प्रश्नाचे शब्द तर फारच जपून वापरा. आमच्याकडे २०२२ ला एक वाद झाला तो असा. मी विचारलं, “बर्फावरचा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कधी झाला?” एका चमूनं १९२४ सांगितलं, दुसऱ्यानं १९०८. मला १९२४ अपेक्षित होतं, पण दुसरा चमू बरोबर होता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे उन्हाळी स्पर्धेत, फिगर स्केटिंग होतं आणि १९२० ला अँटवर्पमध्ये आइस हॉकीही होती. ‘पहिलं हिवाळी ऑलिंपिक’ असं विचारलं असतं तर १९२४, फ्रान्समधलं शामोनी, हे उत्तर निर्विवाद होतं. मजा म्हणजे शामोनीला तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ असं नाव होतं, हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता नंतर मिळाली. तिथे १६ देश आले होते आणि पहिलं सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉनं ५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये जिंकलं.

भारताची फेरी स्वतंत्र ठेवा. सगळ्यात जास्त जीव तिथेच रमतो. आमच्या वहीतली माहिती देतो, हवी तशी वापरा:

भारत पहिल्यांदा उतरला तो १९६४ ला, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. एकटा खेळाडू, जेरेमी बुजाकोव्हस्की, पोलंडमध्ये जन्मलेला आणि भारतातर्फे स्कीइंग करणारा. त्याच वर्षी तिथे बर्फच पुरेसा पडला नव्हता आणि ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरांवरून बर्फ वाहून आणून मार्ग तयार केले. आपण बर्फाच्या देशातले नाही म्हणून मागे आहोत, असं पोरं म्हणाली की मी ही गोष्ट सांगतो.

१९८८ ला कॅल्गरीत शैलजा कुमार उतरली, हिवाळी ऑलिंपिकमधली पहिली भारतीय महिला.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन १९९८ ला नागानोत वयाच्या सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये उतरला आणि २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक खेळला. भारतात ल्यूजचा मार्ग नव्हता, म्हणून घसरगाडीला चाकं लावून तो हिमालयातल्या डांबरी घाटरस्त्यांवर सराव करायचा. आशियाई विजेतेपदही त्यानं मिळवलं. ही गोष्ट सांगताना घाई करू नका. आमच्याकडे पोरांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या बेअरिंगच्या गाड्या बाहेर काढल्या. (रहदारीच्या रस्त्यावर जाऊ देऊ नका, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.)

मोठ्या पोरांसाठी कठीण प्रश्न: २०१४ ला सोचीत शिवा केशवन तिरंग्याखाली का उतरला नाही? कारण तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेवर निलंबन होतं आणि आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरावं लागलं. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं.

२०२२ ला बीजिंगमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. ध्वजही त्याच्याच हाती. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत जायच्या स्कीइंगच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. भारताला हिवाळी ऑलिंपिकमध्ये अजून एकही पदक नाही, हे पोरांना स्पष्ट सांगा. यंदाच्या भारतीय खेळाडूंची नावं मात्र कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अधिकृत यादीत पाहूनच विचारा. पात्रता शेवटच्या आठवड्यांपर्यंत बदलत असते.

उरलेल्या जगाच्या फेरीसाठी काही खात्रीचे प्रश्न:

• एकही हिवाळी ऑलिंपिक पृथ्वीच्या कोणत्या अर्ध्या भागात झालेलं नाही? दक्षिण गोलार्धात. (गोल हातात देऊन विचारा.)

• उन्हाळी आणि हिवाळी स्पर्धा एकाच वर्षी होणं कधी थांबलं? १९९२ ला आल्बर्टव्हिलला शेवटची, मग दोनच वर्षांनी १९९४ ला लिलेहॅमर.

• उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये, दोन वेगळ्या खेळांत सुवर्णपदक जिंकणारा? अमेरिकेचा एडी ईगन, १९२० ला बॉक्सिंग आणि १९३२ ला बॉबस्ले.

• कधीच बर्फ न पडणाऱ्या कोणत्या बेटाचा बॉबस्ले चमू १९८८ ला कॅल्गरीत उतरला? जमैका. त्यांची गाडी उलटली, पण खेळाडू तिच्यासोबत चालत शेवटच्या रेषेपर्यंत गेले. आमच्याकडे या उत्तरावर टाळ्या पडल्या.

• २००२ ला सॉल्ट लेक सिटीत शेवटी राहिलेला खेळाडू सुवर्णपदक कसा जिंकला? ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी १००० मीटर शॉर्ट ट्रॅकच्या (लहान धावपट्टीवरच्या स्पीड स्केटिंगच्या) अंतिम फेरीत सगळ्यांच्या मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांत अडकून पडले आणि तो उभ्या-उभ्या पुढे गेला. दक्षिण गोलार्धाचं हे हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण.

• २०१८ ला दोन वेगळ्या खेळांत, स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगमध्ये, सुवर्ण जिंकणारी? चेकियाची एस्टर लेडेत्स्का. पैकी स्कीइंगचं सुवर्ण सेकंदाच्या शंभराव्या भागानं. पटाच्या शौकिनांना हा प्रश्न द्या.

• कोर्तिनाला याआधी कधी? १९५६ ला. खरं तर १९४४ चीही स्पर्धा कोर्तिनाला मिळाली होती, महायुद्धामुळे ती झालीच नाही.

• २०२२ ला कोणत्या देशानं १६ सुवर्णपदकं जिंकली? नॉर्वेनं. त्या देशाची लोकसंख्या साधारण ५५ लाख. आपल्या विदर्भाची २०११ च्या जनगणनेतच दोन कोटींच्या वर होती. हे ऐकल्यावर सभेत जी शांतता पसरते, ती मोडायची घाई करू नका.

यंदाच्या स्पर्धेवर नकाशाची एक फेरी ठेवा. मिलान आणि कोर्तिना यांच्यातलं अंतर रस्त्यानं ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोंदियाहून अकोल्याला जाण्याइतकं. मिलानला स्केटिंग आणि हॉकी. कोर्तिनाला महिलांचं उतारावरचं स्कीइंग, कर्लिंग आणि घसरगाड्या. पुरुषांचं उतारावरचं स्कीइंग बोर्मियोला, स्नोबोर्डिंग लिव्हिन्योला, बायथलॉन आंथोल्झला. समारोप २२ फेब्रुवारीला वेरोनातल्या प्राचीन रोमन रंगमंडलात. पोरांना नकाशावर ठिपके लावू द्या. यंदा क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये (स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यतीत) महिलाही पुरुषांइतकंच, ५० किलोमीटरचं अंतर कापणार आहेत, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच. एकच खेळ असा उरलाय ज्यात महिलांना प्रवेश नाही, तो म्हणजे नॉर्डिक कम्बाइन्ड (स्की जंपिंग आणि क्रॉस-कंट्री मिळून एक खेळ). हे मुलींना सांगाच.

६. चमू आणि गुण

चार-चार जणांचे सहा चमू पुरेत. वर्गाप्रमाणे चमू करू नका, वयं मिसळा. प्रत्येक चमूत एक मोठं माणूस असावं. आम्ही एक चमू फक्त महिला बचत गटाच्या ताईंचा केला होता आणि तोच दुसरा आला. चमूंना नावं द्यायची ती खेळांची: ल्यूज, स्केलेटन, कर्लिंग. दोन तास तेच शब्द कानावर पडले की पाठ होतात.

बरोबर उत्तराला दहा गुण, चुकलं तरी गुण कापायचे नाहीत. गुण कापायला लागलं की लाजरी पोरं तोंडच उघडत नाहीत. घंटीची फेरी एकच ठेवा, ती फक्त धीट पोरांची होऊन बसते. प्रत्येक उत्तरानंतर अर्धा मिनिट त्यामागची गोष्ट सांगा. एकूण तीस प्रश्न बस्स झाले, दीड तासाच्या वर जाऊ नका.

वाद झाला तर निकाल देणारं माणूस प्रश्न विचारणाऱ्याहून वेगळं ठेवा. आमच्याकडे आता ते काम २०१८ ला उभी राहिलेली तीच मुलगी करते.

७. बक्षिसं आणि त्यानंतर

ढाल-करंडकावर पैसे घालू नका. आमचं पहिलं बक्षीस जगाचा भिंतीवर लावायचा नकाशा असतो आणि तो चमूतल्या सगळ्यात लहान पोराच्या घरी जातो. बाकीच्यांना वह्या.

कार्यक्रम संपताना फळ्यावर पुढच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक भारतीय वेळेत लिहा आणि तो फळा वाचनालयाबाहेर लावा. रोज सकाळी कोणीतरी पोरगं निकाल लिहील अशी पाळी लावून द्या. आणि ६ ते १५ मार्चला तिथेच हिवाळी पॅरालिंपिकही आहे. फळा तेव्हापर्यंत उतरवू नका.